नाव आर्किटेक्टचं, सही कुणाची?

सिव्हिलला ॲडमिशन घेतलेल्या पोराला दिवाळीत घरी गेल्यावर दोन गोष्टी हमखास मिळतात. एक फराळ आणि दुसरी कुणाच्या तरी प्लॉटचा सातबारा. "तू इंजिनेर होनार न्हवं? मग आमच्या घराचा एवढा नकाशा काढ की रं. बाहेर उगं पैसं कशाला द्यायचं?" आपणही हौसेने ऑटोकॅड उघडतो, रात्री दोन वाजेपर्यंत जागून तीन खोल्या, देवघर, जिना सगळं बसवतो, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाणही काढतो. अख्खी गल्ली खूश! आणि मग कुणीतरी जाणता माणूस हळूच विचारतो, "पर ह्याच्यावर सही कुनाची लागती?"

इथे गाडी अडते. हॉस्टेलवर हाच प्रश्न टाकून पाहा, एका विंगमध्ये तीन उत्तरं मिळतील. पहिला म्हणेल, आर्किटेक्टचीच सही लागते. दुसरा म्हणेल, कुठलाही बी.ई. चालतो. तिसरा (हा बहुधा कॉन्ट्रॅक्टरचा मुलगा असतो) म्हणेल, "ओळख लागते राव, बाकी काय नाय." तिघांचंही थोडं थोडं खरं आहे आणि गंमत म्हणजे त्यातलं तिसरं उत्तरच आपल्याला सगळ्यात जास्त महागात पडणारं आहे. म्हणून हा लेख. सिव्हिल नसलेल्यांनी पान उलटू नये. घर तुम्हालाही बांधायचंच आहे कधीतरी.

आधी नावाचं बघू. आपल्या देशात 'आर्किटेक्ट' हा शब्द कुणीही उचलून पाटीवर लावायचा नाही, असा कायदा आहे. तो संसदेने १९७२ साली केला, आर्किटेक्ट्स ॲक्ट, १९७२. त्याआधी कुणीही पाटी लावावी आणि कुणीही घरं काढावीत अशी मोकळीक होती. (योगायोग असा की त्या वेळच्या लोकसभेत पिलू मोदी हे एक खासदार स्वतः आर्किटेक्ट होते.) ह्या कायद्याने दिल्लीत कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर ही संस्था उभी राहिली. मान्यताप्राप्त कॉलेजातून पाच वर्षांचं बी.आर्च. करायचं, मग कौन्सिलकडे नाव नोंदवायचं, तेव्हा कुठे 'सीए' ह्या अक्षरांनी सुरू होणारा, मध्ये नोंदणीचं साल आणि शेवटी आकडा असलेला एक नंबर मिळतो. तो नंबर असेल तर तुम्ही आर्किटेक्ट. डिग्री आहे पण नोंदणी नाही, तर कायद्याच्या भाषेत तुम्ही आर्किटेक्ट नाही. आणि बी.ई. सिव्हिल कितीही डिस्टिंक्शनमध्ये आला तरी त्या रजिस्टरमध्ये त्याला जागा नाही, हेही लगेच सांगून टाकतो.

कायद्याच्या ३७ व्या कलमात ह्या नावाबाबत जी सूट आहे ती वाचण्यासारखी आहे. लँडस्केप आर्किटेक्ट आणि नेव्हल आर्किटेक्ट, म्हणजे बागबगीचे आखणारे आणि जहाजं आखणारे, ह्या दोघांना तो शब्द वापरायला परवानगी आहे. कॉम्प्युटरवाल्यांनो, तुमच्या स्वप्नातल्या 'सॉफ्टवेअर आर्किटेक्ट'चा तिथे उल्लेखच नाही! १९७२ साली तो प्राणी कुणाला ठाऊक होता? घाबरू नका, अजून कुणी तुम्हाला पकडायला आलेलं नाही.

आता शिक्षा. मूळ कायद्यात पहिल्या वेळी जास्तीत जास्त ५०० रुपये दंड. पुन्हा तोच गुन्हा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १९७२ सालचे ५०० रुपये म्हणजे मोठी रक्कम होती, हे मान्य. पण आज एवढ्यात बाईकची टाकीही फुल होत नाही. शिवाय कोर्टात तक्रार करायची तर ती कौन्सिलने किंवा कौन्सिलने नेमलेल्या माणसानेच करायची. तुम्हीआम्ही उठून खटला भरू शकत नाही. त्यामुळे एखाद्या तालुक्याच्या गावात डिप्लोमावाल्याने बिनधास्त 'आर्किटेक्ट अँड इंजिनिअर' अशी पाटी लावली, तर दिल्लीहून तिथवर यायला कुणाला वेळ आहे?

फर्मची गोष्टही अशीच. कायदा म्हणतो की 'फर्म ऑफ आर्किटेक्ट्स' म्हणवून घ्यायचं असेल तर १९३२ च्या भागीदारी कायद्याखाली नोंदलेली फर्म हवी आणि तिचे सगळे भागीदार नोंदणीकृत आर्किटेक्ट हवेत. सगळे! एक भाऊ आर्किटेक्ट, दुसरा सिव्हिल इंजिनिअर, तिसरा नुसता भांडवलवाला, अशी मिळून फर्म काढायला कुणाची हरकत नाही, पण तिच्या माथ्यावर तो शब्द चढवता येत नाही. सांगलीत विश्रामबागेत किंवा साताऱ्यात पोवई नाक्यावर चहा पिताना आजूबाजूच्या पाट्या ह्या नजरेने वाचा, वेळ चांगला जातो. आर्किटेक्टला आणखीही बंधनं आहेत. कौन्सिलच्या १९८९ च्या वर्तन-नियमांनुसार तो स्वतःच्या कामाची जाहिरात करू शकत नाही आणि काम मिळवण्यासाठी कमिशन देऊ-घेऊ शकत नाही. पाटी लावावी, साइटवर बोर्ड लावावा, एवढंच.

पण ह्या सगळ्यात एक मोठी मेख आहे. कायदा नावाला कुंपण घालतो, कामाला नाही. म्हणजे 'आर्किटेक्ट' म्हणवून न घेता घराचा नकाशा काढणं हा ह्या कायद्याने गुन्हा ठरत नाही. ह्यावर बरीच वर्षं वाद चालू होता. शेवटी मार्च २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने नोएडा प्राधिकरणातल्या नेमणुकांच्या प्रकरणात हे स्वच्छ सांगून टाकलं. नोंदणी नसलेल्याला वास्तुरचनेचं काम करायला कायदा मनाई करत नाही. मनाई आहे ती बिरुद लावायला. त्यामुळे सरकारी पदाच्या नावात 'आर्किटेक्ट' असेल तर तिथे मात्र खराखुरा आर्किटेक्टच हवा. इंग्लंडमध्येही असंच आहे, तिथेही नावाला संरक्षण. अमेरिकेत तसं नाही. तिथे प्रत्येक राज्याचं स्वतःचं लायसन्स असतं. इलिनॉयने १८९७ साली आर्किटेक्टांसाठी आणि वायोमिंगने १९०७ साली इंजिनिअरांसाठी लायसन्स सुरू केलं, आणि आज तिथे लायसन्सशिवाय इंजिनिअर म्हणून लोकांना सेवा देता येत नाही.

जाता जाता आपल्या शेजारच्या कोल्हापूरची गोष्ट. आर्किटेक्चरच्या शिक्षणावर हुकूम कुणाचा, एआयसीटीईचा की कौन्सिलचा, हा तंटा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता आणि त्यात एका बाजूला होतं प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग हाऊसचं कॉलेज ऑफ आर्किटेक्चर. नोव्हेंबर २०१९ मध्ये कोर्टाने सांगितलं की आर्किटेक्चरच्या शिक्षणाबाबत १९७२ चा कायदा आणि कौन्सिलच चालेल. ज्या एआयसीटीईच्या कमिटीच्या नावाने आपल्याकडे लॅबच्या भिंतींना रंग लागतो, तिची हद्द तिथे संपली.

आता आपल्या जातीचं, म्हणजे इंजिनिअरांचं. आर्किटेक्टांसारखा सगळ्या देशाला लागू असलेला इंजिनिअर कायदा भारतात नाही. डॉक्टरला आहे, वकिलाला आहे, सीएला आहे, आपल्याला नाही. गुजरातने २००६ साली सिव्हिल इंजिनिअरांसाठी राज्यापुरता कायदा केला, तेवढाच. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स 'चार्टर्ड इंजिनिअर' हा किताब देते, त्याला मान आहे, पण तो नसला म्हणून कुणी तुमचं काम थांबवत नाही. मग घराच्या नकाशावर इंजिनिअरची सही चालते ती कशाच्या जोरावर? तर नगरपालिका-महापालिकांनी दिलेल्या लायसन्सच्या जोरावर.

पूर्वी प्रत्येक शहराची विकास नियमावली वेगळी असे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आणली. ऑफिसात तिला सगळे 'युडीसीपीआर' म्हणतात. त्यामुळे सातारा नगरपालिका आणि सांगली-मिरज-कुपवाड महापालिका आता एकाच पुस्तकावर चालतात. अपवाद आपल्याच जिल्ह्यात आहे, महाबळेश्वर आणि पाचगणी. ही गिरिस्थानं आणि त्यांचा परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि ह्या पुस्तकातून त्यांना वगळलंय. तिथे घर बांधणाऱ्याची कहाणी वेगळी, ती पुन्हा कधीतरी.

ह्या पुस्तकाच्या शेवटी एक परिशिष्ट आहे, 'सी'. प्रत्येक सिव्हिलवाल्याने ते एकदा वाचावं, व्हायव्हाला नाही विचारणार, पण आयुष्यात विचारतील. त्यात चार माणसं आहेत. पहिला आर्किटेक्ट. त्याला पालिकेचं वेगळं लायसन्स लागत नाही, कौन्सिलचं प्रमाणपत्र दाखवलं की झालं. दुसरा लायसन्सधारक इंजिनिअर. सिव्हिलची पदवी असली की हे लायसन्स मागता येतं, आणि ते मिळालं की सगळ्या प्रकारच्या इमारतींचे परवानगीचे नकाशे सादर करता येतात. म्हणजे विंगमधल्या पहिल्याचं उत्तर चुकलं. नकाशावर इंजिनिअरची सही चालते. पण थांबा, दुसऱ्याचंही पुरतं बरोबर नाही. लायसन्स नसेल तर नुसत्या बी.ई.ला कुणी विचारत नाही. आणि लायसन्स असलं तरी आरसीसीच्या हिशेबाला मर्यादा आहे: ५०० चौ.मी.पर्यंतचा भूखंड आणि पाच मजले किंवा १६ मीटर उंची. त्यापुढे तिसरा माणूस लागतो, स्ट्रक्चरल इंजिनिअर. त्याला पदवीनंतर स्ट्रक्चरल कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा. एम.टेक. असेल तर दोन, पीएच.डी. असेल तर एक. चौथा पर्यवेक्षक, म्हणजे सुपरवायझर. त्यातही दोन पायऱ्या आहेत. सिव्हिलचा डिप्लोमा आणि दोन वर्षांचा अनुभव असला की ५०० चौ.मी.पर्यंतच्या भूखंडावरची कामं, आणि आयटीआयचा ड्राफ्ट्समन पाच वर्षं कुणाच्या हाताखाली राबला असेल तर २०० चौ.मी.पर्यंतची.

कागदावर ही उतरंड चांगली आहे. आपल्या मास्तरांनी शिकवलेल्या गोष्टींशी बऱ्यापैकी जुळते. प्रश्न पुढे आहे.

परवानगीला उशीर होतो, लोक हेलपाटे घालून कंटाळतात, म्हणून नव्या नियमावलीत लहान घरांची वाट सोपी केली आहे. १५० चौ.मी.पर्यंतच्या भूखंडावर बांधायचं असेल तर पालिकेच्या मंजुरीची वाट पाहत बसायचं नाही. लायसन्सधारकाने किंवा आर्किटेक्टने नियमाप्रमाणे आहे असं प्रमाणित केलेला नकाशा द्यायचा, फी भरायची आणि काम सुरू. त्याच्या वरच्या टप्प्यालाही सही करणाऱ्याच्या प्रमाणपत्रावरच थोड्या दिवसांत परवानगी मिळते. लोकांची सोय झाली हे खरंच, मी ह्याच्या विरोधात नाही. पण ह्याचा अर्थ नीट लावा. पूर्वी आपल्या सहीनंतर नगररचना विभागातला एक माणूस तो नकाशा बघायचा, सामासिक अंतरं मोजायचा, जिना-पार्किंगवर लाल पेन चालवायचा. लहान घरांपुरता आता तो माणूस बाजूला झाला. तुमची सही हीच परवानगी!

गेल्या उन्हाळ्यात मी साताऱ्यात एका लायसन्सधारक इंजिनिअरांच्या ऑफिसात महिनाभर ट्रेनिंग केलं. तिथे आठवड्यातून दोनतीनदा तरी एक प्रसंग घडायचा. कुणीतरी गृहस्थ गुंडाळी केलेला नकाशा घेऊन यायचे. तो कुठल्यातरी ड्राफ्ट्समनने काढलेला असायचा, कधी कधी तर दुसऱ्याच घराच्या फाइलवरून उचललेला, जुन्या मालकाचं नाव कोपऱ्यात तसंच.

"साहेब, सगळं रेडी हाय. फकस्त सही पायजे."

"साइट कुठाय?"

"आता साइटवर कशाला येताय साहेब, उन्हाचं? स्लॅब पडून महिना झालाय."

सर त्यांना चहा पाजायचे आणि कागद परत द्यायचे. मी एकदा विचारलं, "सर, नाही म्हटल्यावर हे लोक काय करतात?" ते म्हणाले, "काही नाही रे. रिक्षा करून दुसरीकडे जातात. संध्याकाळपर्यंत सही मिळते." तर असा विंगमधल्या तिसऱ्याच्या 'ओळखी'चा धंदा आहे. नकाशाचे वेगळे, सहीचे वेगळे पैसे.

ही सही काय काय म्हणते ते मी त्या महिन्यात नियमावली शेजारी ठेवून पाहिलं. सुरुवातीला ती म्हणते, ह्या कामावर देखरेख माझी आहे. जोतं झाल्यावर म्हणते, हे मंजूर नकाशाप्रमाणे आहे. शेवटी म्हणते, काम पूर्ण झालं आणि माझ्या देखरेखीखाली झालं. ह्या शेवटच्या कागदावरच भोगवटा प्रमाणपत्र मिळतं. मधेच मालकाशी बिनसलं आणि काम सोडलं तर तेही लेखी कळवायचं असतं. नाहीतर गवंडी पुढे जे काय करेल ते तुमच्या नावावर चालूच. चूक सापडली तर पालिका इंजिनिअरचं लायसन्स निलंबित किंवा रद्द करू शकते. आर्किटेक्टचं प्रकरण कौन्सिलकडे जातं. आणि इमारत पडली तर मग पोलीस. २४ ऑगस्ट २०२० ला महाडमध्ये एक पाच मजली इमारत कोसळली, १६ माणसं गेली. त्या गुन्ह्यात बिल्डरबरोबर आर्किटेक्ट आणि आरसीसी कन्सल्टंट ह्यांचीही नावं लागली.

आपल्या दोन जिल्ह्यांत तर ह्याकडे काणाडोळा करणं मुळीच परवडणारं नाही. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट घरातल्या कुठल्याही आजोबांना विचारा. कोयनानगरला भूकंप झाला, पाटण तालुक्यातली दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर पडली, दीडशेहून जास्त बळी गेले. कोयनेच्या परिसरात आजही धक्के बसतात, आपल्याला पेपरात चार ओळी वाचून सवय झाली आहे. त्या भागात कॉलमच्या रिंगा किती अंतरावर बांधल्या, त्यांचे हूक आत वळवले की तसेच सोडले, हे नकाशात दिसत नाही. साइटवर जाऊन वाकून बघावं लागतं. कॉंक्रीट पडल्यावर तर देवालाही दिसत नाही.

सांगलीत पाणी. २००५, २०१९, २०२१. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. पूरक्षेत्रात दोन रेषा असतात. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, तिच्या आत बांधकामाला मनाई. लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर घ्यायचं. आता सांगा, जोत्याची पातळी बरोबर आहे हे लिहून कोण देणार? लेव्हलिंगचं प्रॅक्टिकल आपण सगळ्यांनी केलंय (काहींनी रीडिंग शेजारच्या बॅचचं घेऊन). ते प्रॅक्टिकल इथे कामाला येतं.

ह्यावरून वाईच्या ढोल्या गणपतीची आठवण होते. १७६२ साली रास्त्यांनी कृष्णेच्या घाटावर हे देऊळ बांधलं. त्याची मागची भिंत नेहमीसारखी सपाट नाही, माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी दोन्ही बाजूंना कापलं जावं म्हणून. बांधणाऱ्याकडे ना सीए नंबर, ना पालिकेचं लायसन्स. पण तो पावसाळ्यात नदीकाठी उभा राहिला असणार, एवढं नक्की.

आता कामाच्या दोन गोष्टी. घरचे कुणाकडे काम देत असतील तर त्या माणसाचं नाव तपासता येतं. आर्किटेक्टचं नाव कौन्सिलच्या वेबसाइटवर शोधता येतं, नोंदणी चालू आहे का तेही कळतं. इंजिनिअरच्या लायसन्सची चौकशी नगररचना विभागात करायची. लायसन्सला मुदत असते, तेव्हा नूतनीकरण झालंय का हे विचारायला लाजू नका. पाटीवर विश्वास ठेवू नका, पाटी पेंटर रंगवतो.

आणि आपल्यापैकी ज्यांना लायसन्स घ्यायचंय त्यांना फार लांब जायचं नाही. पदवीचं प्रमाणपत्र हातात आलं की अर्ज करता येतो. डिप्लोमा करून, मध्ये दोन वर्षं साइटवर काढून मग इथे डायरेक्ट सेकंड इयरला आलेले काहीजण तर आत्ताच पर्यवेक्षकाच्या पायरीवर बसतात. गावाकडच्या लोकांना हे आपल्याआधी कळलेलं असतं. आमच्या विंगमधल्या अशाच एकाला गेल्या महिन्यात फोन आला. नदीकाठच्या गावातलं घर आहे, नकाशा तयार आहे, ये आणि सही कर, वर पेट्रोलचे पैसे देतो. ह्याने विचारलं, "दादा, प्लॉट निळ्या रेषेत येतो का लाल?"

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग प्रश्न आला, "कसली रेषा?"